वर्नाने बंद करायला लावलेलं तळं

वर्ना लुसिएर तळ्याकाठच्या शेडमध्ये माझ्या शेजारी मासे कापायची. आमच्या ओजिब्वे आदिवासी वस्तीतले पुरुष उन्हाळ्यात जाळी टाकत; हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर खोपटी ओढून नेत, गिरमिटाने बर्फाला भोक पाडत आणि गळाने वॉलाय मासे पकडत. वर्नाचा थोरला भाऊ ऑरिन त्यात सगळ्यात तरबेज. बायको, तीन पोरं, सगळं त्या भोकावर चालायचं.

वॉलायची मादी हिवाळाभर पोटात गाभोळी वागवते. वसंतात बर्फ फुटला की नदीच्या तोंडाशी येते, रात्री खडीवर अंडी सोडते आणि मागे न बघता निघून जाते. त्या वयाला यायला तिला चारपाच वर्षं तरी लागतात. आमच्या कापायच्या फळीवर तसली मादी येईनाशी झाली. नुसती पिल्लं यायची. दिसत सगळ्यांना होतं, पण बोलणार कोण? त्याच पिल्लांवर आमच्या चुली पेटत होत्या.

वस्तीच्या सभेत वर्ना उभी राहिली. "जाळी बंद करा. गळसुद्धा. माझ्या भावाचाही."

मागून ऑरिन म्हणाला, "हिला काय, ना नवरा ना पोर. बसेल माशांची बाळंतपणं करत."

लोक हसले. वर्ना उभीच राहिली. "शेवटची भरल्या पोटाची मादी तू कधी आणलीस, ऑरिन? सांग सगळ्यांना."

बंदीच्या बाजूने हात वर झाले आणि तळं मासेमारीला बंद झालं. पाठोपाठ शेडही बंद पडली. बायका वर्नाला दुकानात टाळू लागल्या.

ऑरिन बिऱ्हाड घेऊन दूर मिनियापोलिस शहरात गेला, गोदामात माल चढवायला. बहिणीच्या दारावरूनच त्याची गाडी गेली. थांबली नाही.

तळ्यात बाहेरून पिल्लं आणून सोडली. ती वाढली, त्यांची पिल्लं झाली. कितीतरी वर्षांनी हिवाळी मासेमारी पुन्हा सुरू झाली, तेव्हा ऑरिन परतला. एकटाच. बायको वारली होती, थोरला मुलगा तुरुंगात होता, धाकट्या दोघांना वस्ती आठवतही नव्हती.

वर्नाने रानतांदळाचं सूप केलं आणि डबा घेऊन त्याच्या खोपटावर गेली. मी सोबत होते. त्याने नुकतीच एक मादी वर काढली होती, पोट टम्म फुगलेलं. गळ सोडवून त्याने तिला अलगद भोकात परत सोडलं.

वर्ना म्हणाली, "आल्या ना परत?"

"आल्या. माझी पोरं नाही आली."

"ऑरिन, मी काय मुद्दाम..."

"तू बरोबर होतीस गं. तेच तर गिळवत नाही." त्याने पुन्हा गळ सोडला. "डबा घेऊन जा."

वर्ना डबा तसाच घेऊन परतली. बर्फ फुटल्यावर सगळी वस्ती नदीच्या तोंडाशी मासे बघायला लोटली. मी तिला बोलवायला गेले, तर ती दारातच उभी होती, बूट न घालता.

"तू जा," म्हणाली. "मला त्या माशांचं तोंड बघायचं नाही."