आहेर काकांची पेटी आणि तीन सीड्या

आहेर काकांचं नाव मी आधी घेतो. नाहीतर पुढचं वाचून वाटेल की हुशारी माझी होती. त्या दसऱ्याला माझी नोकरी या माणसामुळे वाचली, आणि त्यांना स्वतःला ते अजून पटत नाही.

काका देवळ्याचे. सगळा जन्म एसटीत कंडक्टरकी केली. रिटायर झाल्यावर त्र्यंबकेश्वरच्या एका यात्री निवासात काउंटरवर बसायचे. मी नाशिकला एका कॉम्प्युटरच्या दुकानात मेकॅनिक. शाळा नववीत सुटलेली, घर तिकडे किनवटला, गाडी मनमाडहून, आणि नोकरी अजून कच्ची. मालक बोरसे सर वैतागले की एकच विचारायचे, "मनमाडहून तुझी गाडी किती वाजता असते रे?" म्हणजे घरी पाठवू का. ते चेष्टा करायचे. मला मात्र ती खरी वाटायची, कारण घरी मी पक्की नोकरी लागली असं सांगून बसलो होतो.

यात्री निवासात तीन काउंटर होते, तीन कॉम्प्युटर. यात्रेकरू पेन ड्राइव्ह घेऊन यायचे, "एवढं रेल्वेचं तिकीट प्रिंट करून द्या ना." तिकिटाबरोबर व्हायरस यायचा. मी जाऊन विंडोज नव्यानं टाकायचो, चार दिवसांत मशीन परत आजारी. शेवटी तिथले मॅनेजर वैद्य साहेब म्हणाले, कायमचा इलाज करा नाहीतर आम्ही दुसरं दुकान बघतो.

बोरसे सरांनी मला बोलावलं. "लिनक्स टाक. कुठलं ते तू ठरव. सोपं बघ, माणसं नवशिकी आहेत. आणि गजानन, आता तक्रार आली तर..." मनमाडचं वाक्य मी मनातच पुरं केलं.

लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी सिस्टिम. फुकट मिळते, आणि पेन ड्राइव्हवरचे ते नेहमीचे व्हायरस तिच्यावर चालत नाहीत. फक्त ती एक नाही, शेकडो प्रकारची. त्या प्रकारांना डिस्ट्रो म्हणतात. हे मी काउंटरवर समजावत होतो तेव्हा काकांनी मध्येच तोडलं. "म्हणजे चेसिस एकच, बॉडी वेगवेगळी. एसटीच्या वर्कशॉपसारखं." यापेक्षा सोपं मला आजही सांगता येत नाही.

वैद्य साहेब सावध माणूस. "आधी वापरून बघू, मग जुनं काढू." म्हणून मी तीन लाइव्ह सीड्या नेल्या. लाइव्ह सीडी म्हणजे मशीनमध्ये काही न टाकता सिस्टिम थेट सीडीवरून चालते. नाही आवडली तर सीडी काढायची, विषय संपला. साहेबांना उबुंटू नावाची दिली, तपकिरी रंगाची. शेजारच्या काउंटरवरच्या वैशालीताईंना एक निळी, मोठमोठ्या चित्रांची. काकांचं मशीन सगळ्यात जुनं, त्यात जड काही चाललं नसतं. त्यांना पपी नावाची छोटी डिस्ट्रो दिली.

काकांनी सीडी उलटसुलट करून बघितली. "हे कुत्रं का शे याच्यावर?"

"नावच तसं आहे काका. पपी."

"वा रे भो. साहेबाला उबुंटू आणि मला कुत्रं."

निघताना मी तिघांना बजावलं, सिस्टिम चालू असताना सीडीला हात लावायचा नाही.

मग मी रोज फोन करायचो. वैशालीताई खूश होत्या. साहेबांना रंग मातकट वाटत होता. काकांची तक्रार वेगळीच. पपीत एका क्लिकला फाइल उघडते. काका दोनदा दाबायचे, कारण एसटीत एक टोला म्हणजे थांब आणि दोन टोले म्हणजे चल. त्यामुळे प्रत्येक गोष्ट त्यांच्याकडे दोनदा उघडायची.

"त्रास होतो का काका?"

"नाही रे. एक माझ्यासाठी, एक यात्रेकरूसाठी."

दुसरं त्यांनी मला सांगितलंच नाही. मशीन सुरू झालं की ते सीडी बाहेर काढायचे आणि आपल्या एसटीतल्या जुन्या पत्र्याच्या पेटीत ठेवून झाकण लावायचे. तिकिटांचा माल कंडक्टर उघड्यावर सोडत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. बाकीच्या दोन्ही सीड्यांना हे चाललं नसतं. पपी मात्र इतकी लहान, की सुरू होतानाच सगळी मशीनच्या मेमरीत चढते. नंतर सीडीचं कामच उरत नाही.

दसऱ्याच्या सकाळी वैद्य साहेबांचा फोन. "तुमचं लिनक्स बंद पडलं. दोन काउंटर ठप्प आहेत आणि दारापर्यंत लाइन आहे." मी त्र्यंबकची गाडी धरली. रस्ताभर मला किनवटचं घर दिसत होतं.

पोहोचल्यावर साहेबांच्या मशीनचा ट्रे उघडला, तर त्यातून अक्षता पडल्या.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतात. कारखान्यात पाने-हातोड्या, दुकानात तराजू. इथं कोणीतरी म्हणालं, यंदा आपलं खरं हत्यार ही सीडी. झालं. दोन्ही सीड्या पाटावर मांडल्या, चकचकीत बाजू वर, त्यावर ओलं गंध, हळदीकुंकू, झेंडूच्या पाकळ्या. सकाळी ओल्या फडक्यानं पुसून परत मशीनमध्ये. सीडी वाचणाऱ्या भिंगालाही कुंकू लागलेलं. मी खिशातल्या जादा सीड्या घालून बघितल्या, पण ड्राइव्हच आंधळे झाले होते. आतलं जुनं विंडोज तर व्हायरसनं कधीच झोपलेलं.

आणि तिसऱ्या काउंटरवर आहेर काका शांतपणे पावत्या फाडत होते. भिंतीवरच्या किल्ल्या बघून वैशालीताई रिकाम्या खोल्या ओरडून सांगत होत्या, आणि काका तिन्ही काउंटरची लाइन एकटे सरकवत होते. "पुढे सरका, पुढे सरका, मागे जागा आहे," हे सुद्धा चालू होतं. त्यांनी पूजा दरवर्षीसारखी पेटीची केली होती. कुंकू झाकणावर, सीडी आत.

वैद्य साहेब माझ्यावर घसरले. "हीच का सोपी सिस्टिम? मी बोरश्यांना फोन लावतो."

काकांनी पावतीवरची नजर न काढता म्हटलं, "लावा साहेब. पण हेही सांगा. नव्या गाडीला आपण हार घालतो, हळदकुंकू लावतो. डिझेलच्या टाकीत ओतत नाही."

लाइनीतला एक यात्रेकरू हसला. वैशालीताई किल्ल्यांकडे तोंड करून हसल्या. साहेबांनी फोन खाली ठेवला. "ते कुत्र्याचं टाका तिन्हीवर," ते म्हणाले. "कायमचं टाका. सीडी नकोच."

दुसऱ्या दिवशी दोन ड्राइव्ह बदलले आणि तिन्ही मशीनमध्ये पपी बसवली. तक्रार आली नाही. बोरसे सरांनी मनमाडचं विचारणं सोडलं नाही, पण दिवाळीनंतर मला पक्कं केलं.

आजही कोणी विचारतं, नवशिक्यासाठी सोपी डिस्ट्रो कुठली? मी आधी उलट विचारतो, याच्याआधी तुम्ही काय काम करत होता? उत्तर निम्मं तिथेच असतं.

काका आता देवळ्याला घरी असतात. मी आभार मानले की म्हणतात, "मी काय केलं? पेटीचं झाकण लावलं." पपीत दोन क्लिकची सेटिंग असते, हे मला फार उशिरा सापडलं. एक दिवस त्यांच्या ओट्यावर स्वतः जोडलेलं मशीन घेऊन जाणार आहे. दोन टोल्यांशिवाय न हलणारं.