विष्णुपंतांचे पितळी इंजीन

विष्णुपंत सांगलीच्या पाटबंधारे खात्यात नकाशे काढत निवृत्त झाले आणि घरी येऊन त्यांनी पत्नी चारुशीलाबाईंच्या पितळेवर हात टाकला. पिचकारीचा बॉयलर झाला, फुलपात्राचा घुमट झाला, समईची वाटी कुठे गेली ते कधी कळलेच नाही. बाजारात चावीची आगगाडी मिळते, असे कोणी म्हटले की त्यांना अपमान वाटे. त्यांना मिरजेच्या अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीचे इंजीन हवे होते आणि तेही खिळ्यापासून स्वतः घडवलेले. सहा वर्षे स्वयंपाकघराशेजारची खोली कानशीच्या किसाने आणि डाखाच्या धुराने भरली. निवृत्त माणसाला काहीतरी उद्योग हवा, हे चारुशीलाबाईंना मान्य होते. त्याचा एवढा तोरा कशाला, ते मान्य नव्हते.

शहाण्णवच्या गणपतीत विष्णुपंतांनी जाहीर करून टाकले की पहिल्या आरतीनंतर इंजीन गणपतीभोवती पूर्ण फेरी मारणार. सगळ्या गल्लीला घरोघर जाऊन आमंत्रण दिले. सत्यनारायणाला हेच गृहस्थ शेजारच्या दारापर्यंतही जात नसत.

टेपरेकॉर्डरच्या मोटरवर नुसती चाके छान पळत होती. चाकांना जोडणारे दांडे तेवढे चतुर्थीच्या आदल्या दिवशी बसले. त्याच दुपारी आटपाडीकडचे नानासो घोंगडी विकायला घेऊन आले. दर वर्षी येत. तरुणपणी वीस वर्षे ते त्याच छोट्या गाडीवर फायरमन होते. चहाची बशी खाली ठेवून त्यांनी इंजिनाला डोळा लावला.

"आवं सायेब, हे आडतंय बगा."

"का?"

"दोनी अंगांचे दांडे एकाच टायमाला वर. आमच्या इंजनाचा एक दांडा वर आसला की दुसऱ्या अंगाचा आडवा आसायचा. म्हंजे एक आडला की दुसरा त्येला ढकलतोय. एका अंगाची चाकं पाव फेरा फिरवून बसवा, लय ब्येस पळंल."

"नकाशात असंच आहे, नानासो."

नकाशात होतेच. मिरजेला फलाटावर उभे राहून त्यांनी एकच बाजू टिपली होती आणि कोपऱ्यात खात्याच्या सवयीने लिहिले होते, 'दुसरी बाजू अशीच'. कालव्याच्या दारांना ते चालून गेले होते.

"तुम्ही कोळसा टाकत होतात," विष्णुपंत म्हणाले. "यंत्राचं गणित वेगळं असतं."

"व्हय, आसंल बाबा," म्हणून नानासो उठले. चारुशीलाबाईंनी दोन घोंगडी घेतली; एकाची गरज होती, दुसरे लाजेपोटी.

आरती झाली. विष्णुपंतांनी बटण दाबले. इंजीन हातभर गेले, कुथले आणि थांबले. त्यांनी बोटाने ढकलले. पुन्हा हातभर. शेजारच्या सुलाबाई म्हणाल्या, "अहो, सिग्नल पडला नसेल!" खोली खो खो हसली. विष्णुपंतांनी व्होल्टेजला दोष दिला, रुळांना दिला, दमट हवेलाही दिला.

"नानासो आजही स्टँडवर घोंगडी विकत बसले असतील. बोलावते," चारुशीलाबाई हळूच म्हणाल्या.

"काही गरज नाही."

"मग दांडे काढून चालवा."

"दांड्यांशिवाय इंजीन म्हणजे डबा. तुला त्यातलं काय कळतं?"

पुढचे तीन दिवस माणसे येत, प्रसाद घेत आणि इंजिनाकडे बघून गालात हसत. विष्णुपंत खोलीत बसून नकाशा तपासत. नकाशा बरोबरच होता. त्यात चूक असायला दुसरी बाजू होतीच कुठे?

पाचव्या दिवशी गणपती कृष्णेवर निघाला. "तुम्ही व्हा पुढे," विष्णुपंत म्हणाले. मूर्ती शेजाऱ्यांनी उचलली. तासाभराने चारुशीलाबाई नदीची वाळू घेऊन परतल्या, तो इंजीन रिकाम्या पाटाभोवती गोल गोल पळत होते. एका बाजूचे दांडे वर असले की दुसऱ्या बाजूचे आडवे.

"बघ! पूर्ण फेरी! बोलाव सगळ्यांना!"

"सगळे घाटावर आहेत. गणपतीसुद्धा." त्यांनी वाळू पाटावर ठेवली. "आता नानासोंना पत्र टाका."

"कशाला? माझ्या लक्षात आलंच होतं."

चारुशीलाबाईंनी कपाटातून पोस्टकार्ड काढले आणि उभ्याउभ्याच लिहिले: 'ती. नानासो यांस सा. न. वि. वि. तुम्ही सांगितले तसे केल्यावर इंजीन चालले. हे पाहायला आमच्या घरी कोणी नव्हते. पुढच्या खेपेस तुम्ही यावे, बटण तुम्हीच दाबावे. ह्यांना मी सांगितलेले नाही.'