पासवर्ड छावणीला गेला

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात एक गंमत असते. मशीन बरं होऊन घरी जातं, पण त्याच्यासोबत आलेला किस्सा आमच्याकडंच राहतो. तो परत न्यायला कुणी येत नाही! शहागंजच्या दुकानात मी आणि माझा पार्टनर सलीम, आम्ही दोघांनी असे इतके किस्से जमवलेत की आता त्यांच्यासाठी वेगळं गोडाऊन घ्यावं लागेल.

त्यातल्या एका महिन्याचे किस्से मात्र सगळ्यात वरचढ. दुष्काळाचं वर्ष. शहराबाहेर पडेगावकडं रोज नवी कॉलनी उभी राहत होती आणि नळाला पाणी आठवड्यानं येत होतं. अशात एका कंपनीचा माणूस सिक्युरिटी सॉफ्टवेअर घेऊन आला. घरगुती कॉम्प्युटरसाठी, ऑल-इन-वन! व्हायरस पकडणार, अनोळखी प्रोग्रॅमला दारातच अडवणार, पोरांवर लक्ष ठेवणार, कॅमेरा सांभाळणार, आणि कागदपत्रं ठेवायला आत एक तिजोरी. "महिनाभर चार घरांत टाकून बघा," तो म्हणाला, "आवडलं तर विका."

चार घरांतलं एक माझ्याच गल्लीतलं, रेखाचं. रेखा नुकतीच बारावी झाली होती. तिला पुण्याला नर्सिंगला जायचं होतं. फॉर्म ऑनलाइन, आणि शेवटची तारीख त्याच महिनाअखेर. घरात विरोध फक्त आजोबांचा, म्हणजे आबांचा. "पोरगी एवढ्या लांब नाय धाडायची," हे त्यांचं एकच वाक्य, आणि त्याच्यापुढं बोलायची घरात कुणाची छाती नव्हती.

रेखा येता-जाता मला विचारायची, "भाऊ, फॉर्म भरेपर्यंत मशीन दगा देणार नाही ना?"

मी म्हणायचो, "ऑल-इन-वन टाकलंय की! आता काळजी कशाची?"

हे बोलणं मला फार महागात पडलं.

*

पहिलं घर वाघमारे काकांचं. शाळेतून रिटायर झालेले, शिस्तीचा माणूस. कुठलाही नवा प्रोग्रॅम चालू झाला की सॉफ्टवेअर विचारायचं, 'यावर तुमचा विश्वास आहे का?' काकांनी हा प्रश्न मनावर घेतला. दर तासाला दुकानात फोन. "अरे, एक जण आत यायचं म्हणतोय. घेऊ का?"

मी कंटाळून म्हणालो, "काका, तुमच्या बुद्धीला पटेल ते करा."

त्याच रविवारी काकूंचा फोन आला. मुलीला बघायला आलेले पाहुणे बाहेरच्या खोलीत बसलेत, त्यांना बायोडाटा हवाय, आणि प्रिंटर हूं की चूं करत नाही! मी स्कूटर दामटत गेलो. केबल ठीक, शाई ठीक, कागद ठीक. पाहुण्यांचा दुसरा चहा झाला. शेवटी सॉफ्टवेअर उघडून बघतो, तर काकांनी प्रिंटरलाच बंदी घातलेली!

"काका, प्रिंटर तुमचा घरचा. त्याला कामून अडवलं?"

"त्यानं धड नाव सांगितलं नाही. नुसते आकडे सांगितले. अशा माणसाला मी घरात घेत नाही."

काकू चहाचा ट्रे घेऊन निघाल्या होत्या, त्या दारातूनच म्हणाल्या, "नाव सांगून आलेल्या माझ्या भावाला तरी कुठं घेता!"

*

गुलमंडीतल्या कापडवाल्या शेठला फक्त पोरांवर लक्ष ठेवायचा भाग हवा होता. "माझा थोरला वाया चाललाय," ते म्हणाले. सॉफ्टवेअर कोण कुठली साइट उघडतं ते टिपून ठेवायचं आणि आठवड्यानं त्याचा रिपोर्ट द्यायचं. शेठनी रिपोर्टच्या दिवशी अख्खं घर बैठकीत बसवलं. थोरला मान खाली घालून कोपऱ्यात. वातावरण असं की पंखासुद्धा दबकत फिरत होता.

"वाचा," शेठ मला म्हणाले. "मोठ्यानं वाचा. लाजायचं कारण नाही."

मी वाचायला लागलो. थोरल्याच्या नावावर कॉलेजची साइट आणि दोन सिनेमांची गाणी. धाकटीच्या नावावर मेंदीच्या डिझाइन. पुढची ओळ दिसली आणि मी वाचायचा थांबलो.

"थांबलात का? वाचा!"

वाचलं. पत्त्यांचा खेळ. रोज दुपारी, दुकान बंद असतं त्या वेळेत. नाव शेठचं!

कुणी हसलं नाही. हसायची हिंमतच नव्हती. शेठानीबाई तेवढ्या शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे दुपारी स्टॉक मोजायला बसता, तो हा व्हय?"

शेठनी मला जिन्यापर्यंत सोडलं. म्हणाले, "सॉफ्टवेअर चांगलंय. पण आमच्याकडून काढून टाका."

*

म्हस्के वहिनींकडं मात्र खरोखरचा व्हायरस निघाला, आणि साधासुधा नाही. एकेक फोल्डर गिळत चाललेला. त्यांच्या नवऱ्याच्या कंपनीचं सगळं काम त्याच मशीनमध्ये. मी स्कॅन लावला. सॉफ्टवेअर एकेक फाइल चावून चावून तपासत होतं. म्हस्के माझ्या मागं उभे, नखं खात. पडद्यावरची पट्टी शेवटाला आली, बोटभर उरली, अर्धं बोट उरली...

आणि गल्लीत आरोळी उठली, "पाणी आलंऽऽ!"

वहिनी आतून धावत आल्या आणि आमच्या डोळ्यांदेखत कॉम्प्युटरचा प्लग उपटून तिथं पाण्याची मोटर लावली. घरात जोर असलेलं सॉकेट तेवढंच! म्हस्के किंचाळले. मीही किंचाळलो.

वहिनी म्हणाल्या, "पाणी गेलं तर आठवड्यानं येतं. व्हायरस काय, रोजच येतो!"

टाकी भरेपर्यंत आम्ही दोघं बादल्या वाहत होतो. नंतर स्कॅन पुन्हा पहिल्यापासून लावला. काम वाचलं. पण त्या तासाभरात म्हस्क्यांचं एक नख शिल्लक राहिलं नाही.

*

याच म्हस्क्यांच्या आईंचा एक किस्सा. मी त्यांना कौतुकानं सांगत होतो की बाहेरचा माणूस कॅमेऱ्यातून घरात डोकावू शकतो, आणि हे सॉफ्टवेअर त्याला रोखतं. आजींनी ऐकून घेतलं. कपाळावरची टिकली काढली, कॅमेऱ्याच्या डोळ्यावर चिकटवली आणि विचारलं, "आता?"

मी सॉफ्टवेअरचा तो भाग बंद केला!

*

दुकानातली परीक्षा सलीमनं घेतली. ओळखीच्या फोटोवाल्याचा पेनड्राइव्ह त्यानं आमच्या मशीनला लावला. लग्नसराईत फोटोवाल्यांचे पेनड्राइव्ह म्हणजे व्हायरसची जत्राच! सॉफ्टवेअरनं क्षणात लाल दिवा दाखवला आणि पेनड्राइव्ह साफ केला. सलीम खुश. "क्या बात है भाऊ! एकदम चकाचक!"

मग कळलं, चकाचक म्हणजे रिकामा. आत एका लग्नाचे फोटो होते आणि दुसरी कॉपी कुठंही नव्हती. एवढ्यात फोटोवाल्यानंच धाडलेले नवरीचे तीन भाऊ अल्बमसाठी फोटो न्यायला आमच्या दुकानात हजर. तिघंही पहिलवान.

"फोटो?" थोरला म्हणाला.

"दोन मिनिटं," सलीम म्हणाला. "सॉफ्टवेअरनं जरा... पकडून ठेवलेत."

"पकडून? आमच्या बहिणीला?"

मी शटरकडं बघितलं. ते नेमकं त्यांच्या पाठीमागं होतं. सलीम पडद्यावरच्या या खिडकीतून त्या खिडकीत शिरत होता आणि तोंडानं दुवा मागत होता. शेवटी एका कोपऱ्यात ते सगळे फोटो धडधाकट सापडले. सॉफ्टवेअरनं पुसले नव्हते, नुसते बाजूला कोंडले होते. पडद्यावर नवरी हार घालून उभी राहिली आणि तिघंही भाऊ एकदम मऊ झाले.

ते गेल्यावर सलीमनं स्टुलावर बसकण मारली. मग म्हणाला, "भाऊ, सॉफ्टवेअर पास है. मेरेकू इच चक्कर आरा."

*

आता रेखाचं.

सॉफ्टवेअर टाकताना ते विचारतं, ॲडमिनिस्ट्रेटर कोण? म्हणजे मुख्य किल्ली कुणाच्या हातात? आपल्याकडं असा प्रश्न आला की माणूस रेशनकार्डावरचं पहिलं नाव सांगतो. रेखाच्या वडिलांनीही सरळ आबांकडं बोट दाखवलं. आबांनी जन्मात माऊसला हात लावला नव्हता.

मी म्हणालो, "आबा, आठ आकडे मनात धरा आणि इथं दाबा. कुणालाच सांगायचे नाहीत. मी मागितले तरी नाहीत."

आबांनी आम्हा सगळ्यांना भिंतीकडं तोंड करून उभं केलं आणि एकेक बटण दाबलं. परत एकदा दाबायला सांगितलं, तेव्हाही तेच आकडे बरोबर आले. मी त्यांची पाठ थोपटायचाच राहिलो होतो.

मग आबांच्या जनावरांचा चारा संपला. मेंढरं त्यांनी आधीच विकली होती. उरलेल्या दोन गाई घेऊन आबा गावाकडं गुरांच्या चारा छावणीत राहायला गेले. इकडं रेखाला मूळ दाखले जात पडताळणीला द्यायचे होते, म्हणून तिनं ते आधी स्कॅन करून तिजोरीत टाकले. बाहेरच्या प्रती पुसू का, असं सॉफ्टवेअरनं विचारलं. तिनं हो म्हटलं. मीच तसं शिकवलं होतं. तिजोरीचं काम दानपेटीसारखं. टाकताना किल्ली लागत नाही, काढताना लागते.

उद्या शेवटची तारीख, आणि आज सकाळी रेखा दुकानात आली. चेहरा पांढराफटक. "भाऊ, ते आबांचा पासवर्ड मागतंय."

मूळ कागद मिळायला महिना होता. झेरॉक्स चालत नव्हती. मी कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो अभिमानानं म्हणाला, "सर, पासवर्ड नसेल तर आम्हीसुद्धा उघडू शकत नाही. तेच तर आमचं वैशिष्ट्य आहे!"

मग छावणीत फोन. मागं गाई हंबरत होत्या.

"आबा, ते आठ आकडे सांगा."

"कामून?"

"रेखाचा फॉर्म भरायचाय."

"पुण्याचा का?"

"हो."

आबांनी आधी एका गाईला दटावलं. मग आबा म्हणाले, "नाय सांगणार."

रेखानं फोन हिसकावून घेतला. "आबा, मी मागतेय!"

"तुला बी नाय," आबा म्हणाले आणि फोन कट झाला.

सलीमनं घसा खाकरला. आपल्या मोबाइलवरून नंबर लावला आणि आवाज जाड करून म्हणाला, "नमस्कार, मैं कंपनी के हेड ऑफिस से बोल रहा हूं. आपका पासवर्ड चेक करना है."

"सलीम," आबा म्हणाले, "तुझा चहा लई गोड असतो. अक्कल कमीये. ठेव फोन!"

एरवी मी पोट धरून हसलो असतो. रेखा दुकानाच्या पायरीवर बसून रडत होती. "त्यांना मला जाऊच द्यायचं नाही, भाऊ. आता आयतं निमित्त मिळालं." मला तिच्याकडं बघवेना. मी लावून दिलेल्या कुलपात पोरीचं आयुष्य अडकलं होतं, आणि कुलूप इतकं चांगलं होतं की ते मलाही तुटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साइट संध्याकाळी बंद होणार होती. दुपारी लाइट गेली. मी दुकानाचा इन्व्हर्टर रिक्षात घालून रेखाकडं आणला, तर त्याचीही बॅटरी अर्धीच. फॉर्म भरून तयार, फक्त दाखल्यांच्या जागा रिकाम्या. रेखाचे वडील येरझारा घालत होते.

ऊन कललं तेव्हा गल्लीत टँकर येऊन थांबला. बायका हंडे घेऊन धावल्या. टँकर रिकामा होता, छावणीला पाणी देऊन शहरात भरायला निघालेला. केबिनमधून काठी टेकत आबा उतरले.

"गाई?" रेखाच्या वडिलांच्या तोंडून एवढंच निघालं.

"शेजारच्या दावणीवाल्याला सांगून आलो. कुठंय ती तिजोरी?"

"आबा, फोनवर सांगितलं असतं तर..."

आबांनी काठी माझ्याकडं रोखली. "ह्यानंच बजावलं व्हतं, मी मागितले तरी नाय म्हणून. अन फोनवर तर अख्खी छावणी ऐकती."

मी खुर्ची पुढं सरकवली. आबा खुर्चीत बसले, बटणांवर वाकले, डोळे बारीक केले. इन्व्हर्टर कुंई कुंई करायला लागला.

"दिसंना," आबा म्हणाले.

"मला सांगा, मी दाबतो," मी पुढं झालो.

"भायेर व्हा. समदेच." आम्ही उठलो. "रेखे, तू थांब."

दार लोटलं गेलं. आम्ही ओट्यावर, समोर रिकामे हंडे घेतलेल्या बायका. आतून आबांचं हळू पुटपुटणं, मग एक टक. पुन्हा पुटपुटणं, पुन्हा टक. मग काहीच नाही. सलीमनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठले. आणि मग प्रिंटरचा आवाज आला. पावती छापत होता.

दार उघडलं. फॉर्म गेला होता. आबा ड्रायव्हरला हाक मारत होते, "परत जाताना घेऊन जा रं मला. पोरगी चालली पुण्याला, गाईंकडं तरी बघू!" रेखाचे डोळे लाल झाले होते, ओढणीचं टोक भिजलं होतं.

वडिलांनी हळूच विचारलं, "काय आकडे होते गं?"

"आबांनी मला एकटीला सांगितलेत," रेखा म्हणाली, आणि आमच्या देखत तिनं तिजोरी पुन्हा बंद केली!