चाकातलं शिसं

आमचे हे ट्रक चालवायचे. चढावर ट्रक मागे येऊन उलटला आणि शेजारी बसलेले माझे धाकटे दीर जागीच गेले. तेव्हापासून यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. आता रिमोटची, खडकांवर चढणारी खेळण्यातली गाडी घेऊन अंगणातल्या दगडांपाशी बसतात.

"पुढच्या चाकांत वजन घातलं की गाडी मागे उलटत नाही," म्हणतात आणि रिमच्या आत शिशाच्या पट्ट्या चिकटवतात. दोन-चार पुरे होत्या, पण यांचं समाधान होईल तर शपथ! काल मोटर नुसतीच कण्हली. गाडी जागची हलेना.

माझं डोकं फिरलं. "अहो, किती शिसं भराल? आता चढतसुद्धा नाही ती!"

"नसू दे चढत. उलटली तर नाही ना?"

मी कात्री घेतली आणि त्यांना पुढची पट्टी कापून दिली.