सुटलेलं नाव

यंदा चतुर्थीला नारळ फोडला आणि त्याच्या पाण्याच्या वासाने मला ती जुनी चतुर्थी आठवली. माझा मोठा भाऊ सुरेश त्या वर्षी कुडाळच्या बाजारातून परतलाच नव्हता. पोलिसांनाही सापडला नव्हता. गणपतीपुढे गाऱ्हाणं घालताना बाबांनी आम्हा सगळ्या मुलांची नावं घेतली, त्याचं गाळलं.

मागून आई शांतपणे म्हणाली, "एक नाव ऱ्हवला."

बाबांनी डोळे पुसत पुन्हा हात जोडले. "आमचो सुरेश खंय आसात थंय तेका सुखी ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

बाबांना रडवलं म्हणून मला आईचा राग आला होता.

आता गाऱ्हाणं मी घालतो. यंदा सुरेशच्या नावाला सगळ्यांत मोठा होकार माझ्या मुलीचा आला. तिने त्याला पाहिलेलंही नाही.

"काका इले काय लगेच माका सांग," ती मला म्हणाली.