वॉरंटी संपलेली गाडी आणि खुलताबादचा घाट

बिडकीनजवळची आमची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली. आलेल्या पैशातून माझ्या थोरल्या भावानं आधी पाण्याचे टँकर घेतले, मग घरावर मजला चढवला आणि शेवटी ती गाडी आणली. पांढरी, उंच, परदेशी कंपनीची. नवीकोरी नव्हती, पुण्याच्या एका डॉक्टरांनी वापरून विकलेली होती. पण कंपनीची वॉरंटी अजून शिल्लक होती आणि तेवढा काळ गाडीनं दादाला काहीच त्रास दिला नाही. काही वाजलं, काही खुपलं, की तो शोरूमला जायचा, काचेच्या खोलीत बसून कॉफी प्यायचा आणि धुतलेली गाडी घेऊन घरी यायचा.

आमच्या वडिलांचं आयुष्य मेंढरांमागं पायी चालण्यात गेलं. ते वारले तेव्हा त्यांच्याकडं सायकलसुद्धा नव्हती. दादा टँकरचं काम मागायला साइटवर मोटरसायकलनं जायचा, तेव्हा फाटकावरचा वॉचमन त्याला उन्हात ताटकळत ठेवायचा. गाडी आल्यावर त्याच वॉचमननं सलाम ठोकून फाटक उघडलं. ही गोष्ट दादानं आम्हाला कितीतरी वेळा सांगितली. त्यामुळं त्या गाडीबद्दल त्याच्याशी बोलणं सोपं नव्हतं, एवढंच मला सांगायचं आहे.

वॉरंटी संपल्यानंतरच्या पहिल्या सर्व्हिसिंगला त्यानं मला सोबत नेलं. शहरात औरंगपुऱ्यात माझं नि माझ्या नवऱ्याचं औषधाचं दुकान आहे, इंग्रजी कागद वाचायची मला सवय आहे, म्हणून. तिथल्या मुलीनं टॅबवर एस्टिमेट दाखवलं. ब्रेकचे पॅड आणि डिस्क झिजल्या होत्या, ब्रेक ऑइल बदलायची मुदत केव्हाच उलटली होती, शिवाय पुढच्या चाकांचं काही काम होतं. खालची रक्कम मी दोनदा वाचली. तेवढ्या पैशात माझ्या दुकानासाठी नवा फ्रिज आणि डिलिव्हरीसाठी स्कूटी, दोन्ही आलं असतं.

दादा म्हणाला, "मागच्या बारीला तर काहीच लागलं नव्हतं."

"सर, तेव्हा वॉरंटी होती."

"बरं. मग नुस्तं इंजिनाचं ऑइल बदला. बाकीचं बघू."

त्या मुलीनं आवाज जरा खाली आणला. "सर, ब्रेकचं काम तरी करून घ्या. आणि नको असेल, तर इथं सही लागेल. आम्ही सांगितलं होतं आणि तुम्ही नको म्हणालात, अशी."

दादानं सही केली. परत येताना मी म्हटलं, "दादा, ब्रेक ऑइल जुनं झालं की बाद होतं. एवढं तरी करायचं होतंस."

"तुला सगळीकडं औषधाच्या बाटल्या दिसत्यात," तो हसून म्हणाला. "गाडी म्हंजे काय औषध हाय का, तारीख गेली की फेकून द्यायला? चालायलीय ना? मग?"

आणि गाडी चालत होती, हे खरंच. ते वर्ष त्याला कठीणच गेलं. दोन ठिकाणची बिलं अडकली होती, ड्रायव्हरांचे पगार मात्र थांबवता येत नव्हते. गाडी घरी उभी ठेवली तर लोक काय समजतील, याचीही धास्ती होती. पुढं ब्रेकचा दिवा सारखा लागायला लागला, तेव्हा तो पैठण रोडवरच्या एका गॅरेजला गेला. त्या दिवशी वहिनी गाडीत होती. तिनं मला नंतर सांगितलं. मेस्त्री म्हणाला होता, "भाई, ओरिजनल पॅड मंगाना पडेगा. अभी दूसरे डाल देता, लेकिन लाइट नहीं जाएगी." त्यावर दादा म्हणाला, "मग ती लाइट तेवढी बंद कर." मेस्त्रीनं वायर जोडून दिवा बंद केला.

वहिनी मला म्हणाली, "दिवा इझला म्हणून काय दुखणं गेलं का? मी म्हणले, तर माझ्यावरच डाफरले." त्या दिवसापासून ती पुढच्या सीटवर बसेना. कारण विचारलं तर ऊन लागतं म्हणायची.

मायला खुलताबादला मारुतीच्या दर्शनाला जायचं होतं. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं तर येईन, असं ती बोलली होती. वहिनीनं हळूच सुचवलं, "आपण एसटीनं जाऊ." दादा ताडकन म्हणाला, "दारात एवढी गाडी असताना एसटीनं? गावानं हसायचंय का?" मग गाडीच निघाली. शहरातून त्यांनी मला घेतलं. मी पुढं बसले. मागं माय, वहिनी आणि मधे माझी भाची.

जाताना काही झालं नाही. दर्शन झालं, बाहेर भज्यांचा एक घाणा संपवला, मायनं नव्या डोळ्यांनी दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचून दाखवल्या. दुपार कलायच्या आत आम्ही परत निघालो. ऊन चांगलंच तापलं होतं.

घाट उतरायला लागल्यावर पुढं एक मुरमाचा टिप्पर होता. तो रेंगाळत होता, दादाला सारखा ब्रेक दाबावा लागत होता. दोन वळणं गेली आणि मला वास आला. करपलेल्या रबरासारखा.

"दादा, वास कसला?"

"त्या टिप्परचा असंल."

पुढच्या उतारावर त्याला जागा मिळाली आणि त्यानं टिप्परला मागं टाकलं. समोर रस्ता मोकळा झाला. गाडीनं वेग घेतला. मी काच खाली केली तर वास आणखी उग्र झाला. टिप्पर तर मागं राहिला होता.

मी त्याच्याकडं पाहिलं. त्याचा पाय ब्रेकवर होता. तो पाय दाबत होता, उचलत होता, पुन्हा दाबत होता, आणि त्याचा चेहरा मी लहानपणापासून कधी पाहिला नव्हता तसा झाला होता. तोंडातून शब्द मात्र अगदी हळू आला, मागं ऐकू जाऊ नये असा.

"पाय खाली चाललाय. काहीच लागंना."

जे तो घाट उतरले आहेत त्यांना माहीत आहे. एका बाजूला डोंगराची कापलेली कड, दुसऱ्या बाजूला उतार. आणि खाली जुन्या दरवाज्याची अरुंद कमान, जिच्यातून एका वेळी एकच गाडी जाते. सुट्टीच्या दिवशी तिथं रांग लागलेली असते. शाळेच्या सहलीच्या बस, रिक्षा, पेरू विकणाऱ्या बाया. ती रांग मला डोळ्यांसमोर दिसत होती. ती माणसं आमच्याकडं पाठ करून उभी असणार, हेच तेवढं मनात येत होतं.

"गिअर खाली घे," मी म्हटलं.

"कसा घेऊ? ही आपोआप बदलती!"

त्यानं ती गाडी कायम एकाच खुणेवर ठेवून चालवली होती. मी दांडा पाहिला, त्याच्या बाजूला उणे आणि अधिकच्या खुणा होत्या. मी म्हटलं, "बाजूला ओढ, आणि उण्याकडं नेत राहा." त्यानं ओढला. इंजिन एकदम ओरडलं, गाडीला मागून कुणी धरल्यासारखा झटका बसला. वेग थोडा उतरला. त्यानं पुन्हा दांडा दाबला. वळण आलं, समोरून जीप आली, जीपवाल्यानं हॉर्न मारून शिवी दिली. आम्ही वळताना पार पलीकडच्या निम्म्या रस्त्यात गेलो होतो.

मागून माय म्हणाली, "काय रं, एवढी पळवतोस कामून?"

 वहिनीनं सासूला शांतपणे सांगितलं, "आत्याबाई, लेकराला घट्ट धरा. डोकं खाली घे गं पोरी." तिला न सांगता कळलं होतं. मी मागं वळून पाहिलं नाही.

हँडब्रेकच्या जागी त्या गाडीला एक छोटं बटण होतं. मी ते वर ओढून धरलं. गाडीत कर्कश पिपाणी वाजायला लागली, मागची चाकं घसटत असल्यासारखा आवाज आला, पण गाडी थांबेना, नुसती अडखळत राहिली. "डोंगराकडं घे," मी ओरडले. "दादा, डोंगराकडं!"

त्यानं गाडी कडेला घातली. आधी चर, मग दगड, मग माझ्या बाजूचा आरसा तुटून गेला आणि पूर्ण दार मातीला घासत गेलं. माझ्या खिडकीतून मुरूम आत आला. कितीतरी वेळ ती घासत राहिली असं मला वाटलं, खरं तर क्षणभरच असेल. मग थांबली.

धूर होता. भाची रडत होती, म्हणजे ती ठीक होती. माय रामनाम घेत होती. वहिनीच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं. माझ्या हाताला आरशाच्या काचेनं कापलं होतं, ते मला वहिनीनं रुमाल बांधला तेव्हा कळलं. दादा स्टिअरिंग धरून बसून होता आणि त्याचा पाय अजून ब्रेक दाबतच होता.

मागून तो टिप्पर आला. त्याचा ड्रायव्हर उतरला, त्यानं चाकांमागं दगड लावले, आम्हाला पाणी दिलं. खालच्या वळणापलीकडं कमानीची रांग सुरू होत होती. आम्ही जिथं थांबलो तिथून पेरूवालीच्या छत्रीचा रंग ओळखू येत होता.

गाडी उचलून शोरूमला नेली. जुन्या ब्रेक ऑइलात पाणी मुरतं, तापलं की त्याची वाफ होते आणि पेडल नुसतंच खाली जातं, असं त्यांनी सांगितलं. त्यांनी आधीची सहीही दाखवली नाही, तिची गरजच नव्हती. दादानं दार, आरसा, रंग बाहेरून करून घेतलं. ब्रेक ऑइल बदललं. पॅड आणि डिस्कचं काम मात्र पुन्हा टाळलं, कारण आता त्याला गाडी विकायचीच होती. "जो घेईल तो बघंल," तो म्हणाला. मी विरोध केला, तर म्हणाला, "तुला तुझं दुकान हाय, मला माझं बघू दे."

दिवाळीच्या आसपास एक गिऱ्हाईक आलं. जालना रोडकडं राहणारं तरुण जोडपं, तो शिकवण्या घेणारा, आणि तिच्या मांडीवर वर्षाच्या आतलं बाळ. मी भाऊबीजेला गेले होते, म्हणून मीही तिथंच होते. गाडी चमकत होती. तिच्या नवऱ्यानं फेरी मारून पाहिली, खूश झाला. मग त्यानं विचारलं, "सर्व्हिसिंगचं रेकॉर्ड कुठवरचं आहे?"

दादा म्हणाला, "सगळं टायमात केलंय. आलीकडचे कागद तेवढे रंगकाम करताना गहाळ झाले."

मी तोंड उघडणार, इतक्यात दारातून चहाचा ट्रे घेऊन वहिनी आली. परक्या पुरुषांसमोर ती कधी बोलत नसे, चहा ठेवून आत जाई. त्या दिवशी तिनं ट्रे ठेवला आणि त्या मुलीसमोर खाली बसली.

"ताई, वॉरंटी संपल्यापासून हिचं काम नीट झालं नाय," ती म्हणाली. "खुलताबादच्या घाटात ब्रेक गेले व्हते. आम्ही सगळे आत व्हतो. ऑइल बदललंय, पर बाकीचं ऱ्हायलंय. ते करून घेतल्याबिगर लेकराला घेऊन बसू नका."

 त्या मुलीनं बाळाला छातीशी ओढलं. तिच्या नवऱ्यानं दादाकडं पाहिलं, पण दादा फरशीकडं बघत होता. ते दोघं चहा न पिता उठले. जाताना ती मुलगी वहिनीला "येते" म्हणाली, दादाला नाही.

ते दोघं फाटकाबाहेर जाईपर्यंत दादा थांबला. मला वाटलं, आता हात उचलतो. तो उभा राहिला, मीही त्यांच्या मधे जाऊन उभी राहिले. वहिनी हलली नाही.

"माझी इज्जत घालवलीस," तो म्हणाला.

"घालवली," ती म्हणाली. "त्या बाईच्या मांडीवर लेकरू व्हतं. मला नाय ऱ्हावलं."

तो चप्पल न घालताच बाहेर गेला. त्या रात्री जेवला नाही, आणि पुढं बरेच दिवस वहिनीशी बोलला नाही. काही हवं असलं की भाचीला सांगायचा. माझाही फोन उचलत नव्हता. माय मला फोनवर रडून विचारायची, आता काय करायचं.  त्याचं बोलणं कायमचं बंद होईल अशी भीती मला होती.

पौषात तो एकदा माझ्या दुकानावर आला. मायच्या डोळ्यांचे थेंब घेतले, गिऱ्हाईक संपेपर्यंत बाकड्यावर बसला. मग म्हणाला, "टँकर एक इकला. त्या पैशात गाडीचं सगळं काम केलं, शोरूममधीच."

"विकणार?"

"इकली. डीलरला. समदं सांगून. लई कमी आले." मग तो म्हणाला, "तुझ्या वहिनीला सांग."

"तूच सांग की."

"मी कसं सांगू? ती हसंल."

"ती हसणार नाही, दादा."

तो उठला, थेंबांची पिशवी तिथंच विसरला. मी मागं धावत जाऊन दिली. तो शेअर रिक्षात मागं दोन बायकांच्या मधे दाटीवाटीनं बसला होता. मी म्हटलं, सांभाळून जा. त्यानं नुसती मान हलवली.

त्यानं घरी जाऊन नेमकं काय सांगितलं ते मला कधी कळलं नाही. वहिनीला विचारलं तर ती म्हणते, "काही नाय, जेवायला वाढ म्हणले."