आप्पांच्या बोलण्याची वेबसाइट

शिरूरच्या एसटी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत मी दोन वर्षं काउंटरवर बसले. लोकांचे निकाल बघायचे, फॉर्म भरून द्यायचे, एवढंच काम. माझा मावसभाऊ दौंडला राहायचा. पुण्यात कोर्स करून तो वेबसाइट बनवायला शिकला होता. एका रविवारी तो आमच्याकडे न्हावऱ्याला आला आणि म्हणाला, "ताई, आपण दोघं मिळून साइट काढू. बनवतो मी, लिही तू. फक्त विषय असा पायजे, की लोक शोधत्यात आन् मराठीत कुणी लिहिल्यालं न्हाई. मग जाहिराती आपोआप येत्यात."

विषयावर आम्ही महिनाभर घोळ घातला. नोकरीच्या जाहिरातींच्या साइट ढिगानं होत्या. मी इनामगावच्या उत्खननाचं सुचवलं, तर तो हसला. "जुनी मडकी बघायला कोण येतंय?" मग मी कॅफेत येणारी माणसं काय शोधून मागतात ते वहीत टिपायला लागले. तिसऱ्या आठवड्यात वही चाळताना लक्षात आलं, की शेळ्यामेंढ्यांच्या आजारांचं विचारणारे सहा जण होते आणि सहाही जणांना मी इंग्रजी पानं दाखवून रिकाम्या हातानं परत पाठवलं होतं.

आणि आमच्या घरात तर आप्पा होते. माझे वडील. तरुणपणी मेंढरांमागं चालून त्यांनी अर्धा मुलूख पालथा घातला होता. आता ऊस आणि कांदा करत होते, पण कुणाची मेंढी लंगडली तरी माणूस त्यांच्याकडेच यायचा. भावाला सांगितलं तर तो जागेवरून उठलाच. "ह्योच! ह्योच विषय!"

आप्पांना इंटरनेट कळत नव्हतं. "लोकांच्या उपेगी पडंल ना?" एवढंच त्यांनी विचारलं. रोज संध्याकाळी ते सांगायचे, मी लिहायची. प्रत्येक आजाराच्या शेवटी ते थांबायचे आणि म्हणायचे, "आता ह्ये लिही. येका दिसात उतार न्हाई पडला, तर डाक्टरला बोलवा. घरी खेळ करू नका." मराठी टायपिंग तेव्हा फार किचकट होतं. चाळीस पानं मी एकेक अक्षर जुळवत पुरी केली आणि आप्पांच्या फोटोसकट भावाकडे दिली.

त्यानंतर तो फोनवर "काम चालू हाय" म्हणत राहिला. चार महिने.

मग एके दिवशी पाटसकडचा एक माणूस आमच्या दारात आला. हातात साइटच्या पानाची प्रिंट. वर आप्पांचा फोटो, खाली 'आमचे अनुभवी सल्लागार'. आप्पांचं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं होतं. फक्त शेवटचं वाक्य सगळीकडून काढलेलं, आणि तिथं जनावरांच्या एका औषधी पावडरीची जाहिरात.

"आप्पा, तुमचं नाव आयकून हुतो, म्हून तुमच्या भरवशावर पावडर दिली," तो माणूस म्हणाला. "तीन दीस दिली. चार मेंढरं गेली." तो भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं.

आप्पांनी मला प्रिंट वाचायला लावली. वाचून झाल्यावर विचारलं, "म्या असं बोललो व्हतो का गं?"

दुसऱ्या दिवशी मी दौंड गाठलं. भाऊ कॉम्प्युटरवरच होता. साइट त्याच्या एकट्याच्या नावावर होती, माझा उल्लेख कुठंच नव्हता. मला त्याचं काही वाटलं नाही. "डॉक्टरचं वाक्य का काढलंस?" मी विचारलं.

"ताई, डॉक्टरला बोलवा म्हटल्यावर पावडर कोण घेईल? जाहिरातवाल्यानंच काढाय लावलं."

"आणि मेंढरं मेली त्याचं?"

"मेंढरं मरत्यातच की."

खूप बोलले तेव्हा त्यानं साइटवरून आप्पांचा फोटो काढून टाकला. वाक्य परत टाकलं नाही. मजकूर आजही कुणीकुणी उचलून छापतं.

आप्पा त्या माणसाकडे पाटसला जाऊन आले. पुढं कुणी जनावराचं विचारायला आलं, की ते म्हणायचे, "मला काय कळत न्हाई आता. डाक्टरला इचारा." माणसं चक्रावून परत जायची. मी आत भाकरी थापत ऐकायची. विषय मीच शोधला होता, आणि आप्पांना बोलतंही मीच केलं होतं.